फुकटचे प्यादे

परवा आम्ही शाळकरी मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धेला गेलो होतो. आपल्या वस्तीतला एक मुलगा काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता. समोरच्याने 'क्वीन्स गॅम्बिट' मांडला. दुसऱ्याच चालीत उंटापुढचे प्यादे देऊ केले. पोराने ते मारले आणि आपले प्यादे टिकवायला घोड्यापुढचे प्यादे दोन घरे सरकवले. इथेच तो फसला. पांढऱ्याने हत्तीपुढचे प्यादे रेटून फळी फोडली आणि सहाव्या चालीला वजीर आणून कोपऱ्यातल्या हत्तीवर तिरपा रोखला. हत्ती वाचवायचा तर घोडा नाही तर उंट जाणार! पोराचे डोळे भरून आले.

गॅम्बिट हा शब्दच मुळी इटालियन भाषेतल्या पाय घालून पाडण्यावरून आला. ही सुरुवात सुमारे ५०० वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितातही सापडते. जिंकणाऱ्याला हा सापळा शिकवणीत शिकवलेला होता. आपल्या पोराला अक्कल कमी नव्हती, पुस्तक नव्हते.

जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेच्या पैशात वाचनालयात चार पट आणि बुद्धिबळाची पुस्तके येतात. यंदा ती येणार की नाही, हे मंडळाच्या कार्यकर्त्यांनीच सांगावे!