माहितीची नवी साधने आणि आपल्या घरातील स्त्रिया

ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा काय लिहावे हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. संस्थेच्या कार्याचा आढावा अधिकारी मंडळी घेतीलच. आमचा पेशा शिक्षकाचा. तेव्हा वर्गात व वर्गाबाहेर जे नित्य दृष्टीस पडते, त्यातलाच एक विषय सभासदांपुढे व त्यांच्या कुटुंबीयांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटले. मोबाइल, संगणक, इंटरनेट या ज्या साधनांना आज माहिती तंत्रज्ञान म्हणतात, ती आपल्या घरातील स्त्रियांच्या हाती कितपत पोचली आहेत, आणि पोचली नसल्यास अडते कोठे, हा तो विषय होय.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या. एप्रिलमध्ये मध्य प्रदेश शासनाने 'डिजीलेप' या नावाने व्हॉट्सॲपवरून धडे पाठवण्यास आरंभ केला. आम्ही शिक्षकांनीही वर्गवार गट केले. सकाळी धडा पाठवावा आणि दुपारी तो किती मुलींनी उघडला ते पाहावे, असा आमचा क्रम असे. टाळेबंदी सैल होऊन कामधंदे सुरू झाले आणि हा आकडा एकदम खाली आला. आठवीच्या बेचाळीस मुलींपैकी दुपारपर्यंत धडा पाहिलेल्या मुली दहा-बाराच भरत. चौकशी करता एका मुलीची आई म्हणाली, "मॅडम, फोन आहे ना, पण तो ह्यांच्याबरोबर कामावर जातो. रात्री ह्यांचं जेवण झालं की भाऊ घेऊन बसतो. पोरीची पाळी येते तेव्हा तिचे डोळे मिटत असतात." घरात यंत्र एक, आणि मागणाऱ्यांच्या रांगेत मुलगी शेवटची. 'घरात फोन आहे' आणि 'मुलीला फोन मिळतो' ही दोन निराळी विधाने आहेत, हे त्या वर्षी आम्हांस नीट कळले.

हा प्रकार आमच्या एका वर्गापुरता नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांना विचारण्यात आले होते, की ज्याचा वापर तुम्ही स्वतः करता असा मोबाइल तुमच्याजवळ आहे काय? देशात ५४ टक्के स्त्रियांचे उत्तर 'होय' असे आले. आपल्या मध्य प्रदेशात मात्र हे प्रमाण ३८.५ टक्के, म्हणजे साऱ्या राज्यांत अगदी तळाचे होते. इंटरनेट कधी ना कधी वापरले आहे अशा स्त्रिया देशात ३३.३ टक्के निघाल्या, तर पुरुष ५७.१ टक्के. त्यातही शहरातील स्त्रिया ५१.८ टक्के आणि खेड्यातील केवळ २४.६ टक्के. त्यानंतर घरोघरी फोन वाढले आहेत हे खरे. परंतु यंत्रे वाढली म्हणून घरातील रांगेचा क्रम आपोआप बदलतो असे नाही.

जुना प्रश्न, नवे साधन

थोडा विचार केला तर हा प्रश्न नवा नाही असे दिसून येईल. लिहिणे-वाचणे हेही एके काळी माहितीचे साधनच होते, आणि ते स्त्रीच्या हाती देण्यास समाज असाच बिचकत होता. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. त्या कार्यापायी पुढे त्यांना वडिलांचे घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी आजारपणात माहेराहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमेची आठवण काढली आहे. आपल्या गैरहजेरीत तिच्यावर कामाचा भार पडत असेल, तरी ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा तो उल्लेख आहे. यात ध्यानी घेण्याजोगी गोष्ट ही, की शाळा केवळ पाटी-पुस्तकांनी उभी राहिली नाही. मुलींना निर्धास्तपणे येता येईल असा वाडा लागला, आसरा देणारे घर लागले, आणि शिकवणारी बाई लागली. या तीन गोष्टी लक्षात ठेवून पुढचा वृत्तांत वाचावा, अशी विनंती आहे.

धारचा धडा

इंदुराहून साठ-पासष्ट किलोमीटरवर धार आहे. पवारांच्या या जुन्या संस्थानी शहराशी आपल्यापैकी कित्येकांचे नातेसंबंध आहेत. याच धार जिल्ह्यात जानेवारी २००० मध्ये 'ज्ञानदूत' नावाची योजना सुरू झाली. खेड्यापाड्यांतील 'सूचनालयां'त संगणक ठेवून ते टेलिफोनच्या तारेने जिल्ह्याच्या ठिकाणाशी जोडण्यात आले. तेथे बसणाऱ्या स्थानिक तरुणास 'सूचक' म्हणत. त्याच्याकडे अल्प शुल्क भरून शेतकऱ्याला मंडीचे भाव समजत, जमिनीच्या खसऱ्याची नक्कल मिळे, जातीच्या वा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज करता येई, बिघडलेल्या हातपंपाची तक्रार नोंदवता येई. तालुक्याचे हेलपाटे वाचले. त्याच वर्षी स्वीडनमधील स्टॉकहोम येथे या योजनेचा पुरस्कार देऊन गौरव झाला, आणि धारचे नाव जगभरच्या चर्चेत आले.

परंतु पुढे अभ्यासकांनी सूचनालयांत जाऊन पाहणी केली, तेव्हा तेथे येणाऱ्यांत स्त्रिया फारच थोड्या आढळल्या. त्यांना कोणी मनाई केली नव्हती. मग असे का व्हावे? सूचनालये बहुधा ग्रामपंचायतीच्या इमारतीत, हाटबाजाराच्या गावी, बस थांबते अशा वर्दळीच्या जागी होती. तेथे पुरुषांचीच ऊठबस. सूचकही बहुतेक तरुण पुरुषच. ज्या सेवांना सर्वाधिक मागणी, त्या मंडीभाव व जमीन यांच्या; आणि बाजार व सातबारा ही आपल्याकडे पुरुषांची खाती मानली जातात. भिल्ल-भिलाला घरातील जी स्त्री उन्हातान्हात निम्मी शेती उचलते, तिच्या नावाने जमीनच नव्हती, तर ती खसऱ्याची नक्कल कशासाठी मागणार? पुढे विजेच्या व टेलिफोनच्या अडचणी आल्या, नवी साधने निघाली, आणि ज्ञानदूत मागे पडली. योजनाकारांचा हेतू उत्तम होता, आणि पुरुषांच्या बाबतीत तो बराचसा सफलही झाला. यंत्र कोठे ठेवावे, त्यापाशी कोणी बसावे आणि त्यातून काय मिळावे, हे ठरवताना बाईचा विचार झाला नाही, एवढेच उणे राहिले.

याच्या उलट उदाहरण बांगलादेशात घडले. तेथे १९९७ मध्ये ग्रामीणफोन कंपनी सुरू झाली, आणि ग्रामीण बँकेच्या कर्जदार स्त्रियांना कर्जावर मोबाइल देण्यात आले. ती बाई आपल्या घरीच फोन ठेवी व मिनिटामागे दाम घेऊन गावकऱ्यांना बोलू देई. अनेकांची मुले वा कारभारी आखाती देशांत कामाला गेलेले. पैसे पोचले की नाही, प्रकृती कशी आहे, हे विचारायला दुसऱ्या बाईच्या घरी जाण्यात कोणा स्त्रीला संकोच नव्हता. आणि पुरुषालाही फोन हवा असल्यास त्या बाईच्याच दारी जावे लागे! पुढे फोन स्वस्त होऊन घरोघर गेले व हा धंदा ओसरला. पण यंत्र कोणाच्या घरी ठेवले यावर किती अवलंबून असते, हे त्याने दाखवून दिले.

आता 'बायकांना यातले काय कळणार' या आक्षेपाकडे वळू. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा यांनी माण तालुक्यातील कष्टकरी स्त्रियांची बँक काढण्याचे ठरवले, तेव्हा अर्जावर अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेने परवानगी नाकारली. त्या स्त्रियांनी काही महिने अक्षरे गिरवली आणि पुन्हा जाऊन अधिकाऱ्यांना सांगितले, की व्याजाचे गणित घाला. आम्ही तोंडी सोडवतो. १९९७ मध्ये त्यांची माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. अक्षर न येणे आणि अक्कल नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे यावरून कळावे. आजचा फोन तर बोललेले ऐकतो आणि लिहिलेले वाचून दाखवतो. त्याची भाषा मराठी, हिंदी वा उर्दू करता येते. महाराष्ट्रातून लग्न होऊन इंदुरास आलेल्या एका आजींना आम्ही फोन मराठीत करून दिला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, हा इतके दिवस माझ्याशी इंग्रजीत का बोलत होता?"

नंबर कोणाचा?

हे सारे चैनीपुरते असते तर आम्ही एवढा विस्तार केला नसता. आता मात्र हक्काचे पैसेही याच वाटेने येतात. २०२३ मध्ये मध्य प्रदेशात लाडली बहना योजना निघाली, आणि त्या जूनपासून पात्र स्त्रियांच्या स्वतःच्या खात्यात आरंभी महिना १,००० रुपये जमा होऊ लागले. त्यासाठी समग्र आयडी आधारशी जुळवणे व बँकेचे खाते आधारशी जोडणे आवश्यक होते. या जुळवणीत मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणजे एकदाच चालणारा सांकेतिक अंक.

आमच्या ओळखीच्या एक बाई चार घरची भांडी घासून संसार चालवतात. त्या विधवा आहेत. अर्ज भरायला गेल्या तेव्हा ओटीपी काही येईना. चौकशीअंती उघड झाले, की त्यांच्या आधारला पतीचा नंबर जोडलेला होता, आणि पती जाऊन तीन वर्षे झाल्याने तो नंबर केव्हाच बंद पडला होता. अंगठा लावून पाहिला, तर भांड्यांच्या राखेने व साबणाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र ओळखेना. नंबर बदलून घेण्यात त्यांच्या चार दिवसांच्या मजुरीवर पाणी पडले. काम झाले तेव्हा त्या आम्हांस म्हणाल्या, "मॅडम, पैसा माझा, खातं माझं, फक्त किल्ली दुसऱ्याच्या नावाची होती." आपल्या घरांतील किती स्त्रियांची किल्ली आज पतीच्या, मुलाच्या वा दिराच्या खिशात आहे, हे प्रत्येकाने घरी गेल्यावर विचारून पाहावे.

भीतीविषयी दोन शब्द

फोन हाती आला की मुलगी बिघडते, असे पुष्कळ पालक आम्हांस सांगतात. त्यांची काळजी आम्ही हसण्यावारी नेत नाही. फसवणूक करणारे फोन येतात, फोटो बदलून धमकावणारे भेटतात. परंतु रस्त्यावर गाड्या धावतात म्हणून आपण मुलीला घरात कोंडत नाही. तिला रस्ता ओलांडायला शिकवतो. ओटीपी कोणालाही सांगू नये, अनोळखी दुवा उघडू नये, पैशांची फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी, हे शिकवायला एक दुपार पुरते.

आणि एक गोष्ट याहून महत्त्वाची. धमकीचा निरोप आलेल्या मुली तो घरी सांगत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. कारण विचारले तर म्हणतात, "सांगितलं की फोन काढून घेतील." म्हणजे घरच्यांचा धाक धमकावणाऱ्याच्याच उपयोगी पडतो. तेव्हा पालकांनी मुलीला एवढे वचन अवश्य द्यावे, की तू संकट सांगितलेस तर फोन जाणार नाही. कोणत्याही कुलपापेक्षा हे वचन तिचे अधिक रक्षण करील.

आपल्याला काय करता येईल?

आपल्या ट्रस्टने आजवर वह्या-पुस्तके दिली, शिष्यवृत्त्या दिल्या, अडल्यानडल्याला हात दिला. या महोत्सवी वर्षी विश्वस्त मंडळाने एका लहानशा कामाचा विचार करावा, अशी आमची नम्र सूचना आहे. ट्रस्टची जागा दुपारी बहुधा रिकामी असते. घरकाम आटोपून मुले शाळेतून परत येईपर्यंतचा, दोन ते चारचा वेळ, हाच काय तो बहुतेक गृहिणींचा स्वतःचा. आठवड्यातून दोन दुपारी ही जागा केवळ स्त्रियांसाठी उघडावी. चार-पाच फोन व एक संगणक पुरे. शिकवायला आपल्यातल्याच शिकलेल्या मुली घ्याव्यात, आणि त्यांना मानधन द्यावे. विषय स्त्रियांनाच विचारून ठरवावेत: कोणाला पासबुक पाहायचे असेल, कोणाला मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असेल, कोणाला शिवणकामाचे नमुने पाहायचे असतील, तर कोणाला माहेरी तोंड दाखवून बोलायचे असेल. शेवटचे कारणही आम्ही कमी प्रतीचे मानत नाही. आणि प्रत्येकीचा नंबर तिच्या स्वतःच्या नावाने घेऊन आधार व बँकेशी जोडून द्यावा.

विश्वस्त मंडळाने ठरवीपर्यंत सभासदांनी थांबण्याचे मात्र कारण नाही. आज रात्री जेवणे झाल्यावर घरातला फोन आधी मुलीच्या हाती द्यावा, आणि आईला विचारावे, की तुमच्या आधारला कोणाचा नंबर जोडलेला आहे? उत्तर मिळाले की कामाला कोठून आरंभ करायचा ते ज्याचे त्याला कळेल.