अपडेट केलं आणि आजीचं गणगोत गायब!

स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘नवं अपडेट आलंय’ असं दिसलं की तुम्ही काय करता? ‘उद्या बघू’वर क्लिक, बरोबर? मीही वर्षभर तेच करत होते. आणि ज्या दिवशी करायला नको होतं, नेमकं त्याच दिवशी केलं!

2019ची दिवाळी. सुट्टी, हातात वेळ, समोर चकल्यांची बशी. मॅकची कॅटालिना ही नवी सिस्टीम त्याच महिन्यात, 7 ऑक्टोबरला आली होती. म्हटलं, फराळ आटपेपर्यंत होऊन जाईल. झालंही. पण भाऊबीजेला जमलेल्या भावंडांना आजीचे जुने फोटो दाखवावेत म्हणून पिकासा उघडायला गेले, तर उघडेचना! आयकॉनवर आडवी रेघ मारलेलं वर्तुळ. म्हणजे प्रवेश बंद.

पिकासा आठवतंय ना? गूगलने 2004मध्ये विकत घेतलेलं, फुकटातलं. ट्रेकचे, कॉलेजच्या डेजचे सगळे फोटो आपण त्यातच तर टाकायचो! आजीच्या पेटीतले दोनेकशे फोटो स्कॅन करून मीही त्यात भरले होते. पिवळे पडलेले रंग सुधारले, फाटक्या कडा कापल्या. आणि मुख्य म्हणजे आजीला शेजारी बसवून एकेका चेहऱ्याला नाव दिलं. ‘ही नाशिकची काकू. हा तुझ्या आजोबांचा दोस्त, बुलबुलतरंग वाजवायचा बघ.’ आजी 2017मध्ये गेली. त्या चेहऱ्यांना ओळखणारं घरात आता कोणी नव्हतं.

दोष कुणाचा? सरळ सांगते, माझाच. पिकासा बंद करत असल्याचं गूगलने फेब्रुवारी 2016मध्येच जाहीर केलं होतं. 2018पासून मॅकही बजावत होता, की हे ॲप जुनं झालंय. मी दर वेळी ‘ओके’ दाबून मोकळी! भानगड होती 32 बिटची. अशा प्रोग्रॅमला एका वेळी जास्तीत जास्त 4 जीबी मेमरी हाताळता येते. मशीन्स कधीच 64 बिटची झाली होती आणि कॅटालिनापासून ॲपलने 32 बिटचे प्रोग्रॅम चालवणंच थांबवलं. मॅकवरचं पिकासा त्यातलंच.

फोटो सुरक्षित होते. पण कसे? पिवळेच, फाटक्या कडांसकट! कारण आपण ‘सेव्ह’ म्हणेपर्यंत पिकासा मूळ फोटोला हात लावत नाही. किती कापलं, रंग किती बदलला, कुठल्या चेहऱ्याचं नाव काय, हे सगळं शेजारच्या एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतं. भाजी कच्चीच, फक्त कृती लिहिलेली. आणि आता ती कृती वाचणारा आचारीच गेला होता.

धाकटा चुलतभाऊ म्हणाला, ‘ताई, फोल्डर उघड आणि कमांड, शिफ्ट आणि टिंब एकदम दाब.’ दाबलं. लपलेल्या फाइली दिसायला लागल्या. त्यात पिकासाची ती फाइल होती. साध्या टेक्स्ट एडिटमध्ये उघडली. आकड्यांचा नुसता गिचमिडा... आणि मधेच नाशिकची काकू! खाली बुलबुलवाले. आजीने सांगितलेली, मी घाईघाईत टाइप केलेली सगळी नावं, जशीच्या तशी. खरं सांगू? हातातली चकली हातातच राहिली.

मग नवं सॉफ्टवेअर शोधलं. दरमहा पैसे मोजायचे नव्हते, म्हणून डिजिकॅम घेतलं. तेही फुकट, आणि चेहऱ्यांची नावं फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवायची सोय त्यात आहे. पाच-सहा रविवार गेले. रंग पुन्हा सुधारले, नावं एकेक करून चिकटवली. आता कुठलंही सॉफ्टवेअर बंद पडो, आजीचं गणगोत फोटोबरोबरच राहील.

तुमच्यावर ही वेळ यायला नको, म्हणून पुढच्या अपडेटआधी एवढं करा:

• एडिट केलेले लाडके फोटो ‘एक्स्पोर्ट’ करून त्यांच्या वेगळ्या प्रती ठेवा. नुसता मूळ फोटोंचा बॅकअप पुरत नाही.

• पूर्ण बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि तो उघडतोय ना, तेही बघा.

• तुमचं सॉफ्टवेअर नव्या सिस्टीमवर चालतं का, हे ते बनवणाऱ्यांच्या साइटवर आधी वाचा.

• नवा मॅक असेल तर ॲपच्या ‘गेट इन्फो’मध्ये ‘इंटेल’ लिहिलंय का बघा. अशी ॲप्स रोझेटा या दुभाष्याच्या जिवावर चालतात आणि तो मॅक ओएस 27पर्यंतच पूर्णपणे साथ देईल, असं ॲपलने जून 2025मध्ये सांगून टाकलंय.

आणि हो, सर्वांत आधी आजीला फोन करा. नावं सांगणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या. त्याचं अपडेट येत नाही.