मोठ्या हर्नियाला मच्छरदाणीचा आधार

वडनेर भोलजी, (खास प्रतिनिधी) - सिझेरियन वा पोटाच्या अन्य शस्त्रक्रियेनंतर काहींना जुन्या टाक्यांच्या जागी फुगवटा येतो. खोकताना तो वाढतो, आडवे होताच विरतो. स्नायूंच्या भिंतीला पडलेल्या भगदाडातून आतडे बाहेर येऊ पाहते, तो हा हर्निया होय. पट्टा बांधल्याने तो आवरतो, बरा होत नाही.

भगदाड मोठे असल्यास नुसत्या टाक्यांवर ताण येऊन ते उसवतात. नेदरलँड्समधील २००० सालच्या अभ्यासात टाके घातलेल्या ४३ टक्के रुग्णांत तीन वर्षांत हर्निया उलटला. जाळी बसविलेल्यांत हे प्रमाण २४ टक्के होते. जाळीच्या छिद्रांतून नवे मांस वाढून भिंत भक्कम होते. अडचण एकच, ही जाळी महाग.

त्यावरील उत्तर शेजारच्या खानदेशात सापडले. दोंडाईचा (जि. धुळे) येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले. २००३ मध्ये त्यांचा व सहकाऱ्यांचा अहवाल 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त प्रसिद्ध झाला. पुढे युगांडात सुमारे ३०० पुरुषांवर स्वस्त व महाग जाळीची तुलना झाली. वर्षभरात हर्निया उलटण्यात लक्षणीय फरक नसल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. अर्थात ते जांघेतील हर्निये होते. पोटाच्या मोठ्या भगदाडाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणे घाईचे ठरेल. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी तर यासाठी मुळीच चालत नाही!

फुगवटा कडक होऊन आत जाईनासा झाला, उलट्या सुरू झाल्या, तर तडक रुग्णालय गाठावे. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते.