ताप उतरला, पण हिवताप गेला का?

पाऊस पडून गेला की खड्ड्यांत पाणी साचते. अशा दिवसांत गावात एखाद्याला थंडी वाजून येते. दात कडकड वाजतात. दोन घोंगड्या घातल्या तरी थंडी जात नाही. मग अंग तव्यासारखे तापते. काही तासांनी दरदरून घाम सुटतो आणि माणूस मोकळा होतो. एक दिवस बरा जातो. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कोणाला हा ताप रोजही येतो. याला आपण थंडीताप म्हणतो. दवाखान्यात याला हिवताप किंवा मलेरिया म्हणतात.

मग आशाताई किंवा आरोग्य सेवक घरी येतात. बोटाला सुई टोचतात. नाना प्रश्न विचारतात. पुष्कळ दिवसांच्या गोळ्या देतात. हे सारे ते का करतात? आज आपण ते समजून घेऊ.

रक्त कशाला घेतात?

अंगाला हात लावून ताप कळतो. पण तो कशाचा ताप, हे कळत नाही. हिवतापाचा जंतू रक्तात राहतो. तो इतका बारीक की डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जंतू रक्तातल्या लाल पेशींत शिरतो, तिथेच वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. पेशी एकदम फुटल्या की थंडी वाजते. रक्त कमी होते, माणूस फिकट पडतो, पानथरी वाढते. एक थेंब दिल्याने शक्ती जात नाही. शक्ती जाते ती जंतूमुळे.

जंतू अंगात येतो कसा?

डासाची मादी चावल्याने. हा शोध आपल्या जवळच लागला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस या डॉक्टरांना डासाच्या पोटात हा जंतू दिसला. तेव्हा आपला धाराशिवचा मुलूखही निजामाच्याच राज्यात होता. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ही मादी बहुधा रात्री चावते. ती रोग्याला चावली की जंतू तिच्या पोटात जातो. दहा-पंधरा दिवस तो तिथे वाढतो. मग ती ज्याला चावेल त्याला हिवताप होतो. म्हणजे घरातला एक रोगी बरा झाला नाही, तर शेजारच्या लेकराला धोका.

म्हणूनच आरोग्य सेवक विचारतात, "बाहेरगावी गेला होता का?" आपल्याकडची माणसे ऊसतोडीला जातात, मुंबई-पुण्याला कामाला जातात. तिकडे डास चावला, तर ताप इकडे येऊन उठतो. खरे ते सांगावे. मग सोबतच्या माणसांचेही रक्त वेळेवर तपासता येते.

चौदा दिवस गोळ्या कशाला?

तीन दिवस गोळ्या घेतल्या की पुष्कळदा ताप उतरतो. मग घरचे म्हणतात, "आता बरं वाटायलंय की! उगं गोळ्या कशाला?" इथेच चूक होते.

हिवतापाचे मुख्य दोन प्रकार आपल्या देशात आढळतात. एकाचे नाव व्हायवॅक्स. याचे काही जंतू काळजात, म्हणजे यकृतात, दडून बसतात. तण वरून खुरपले आणि मुळी राहिली, तर ते पुन्हा फुटते. तसाच हा ताप काही महिन्यांनी पुन्हा येतो. क्लोरोक्विनच्या गोळ्या रक्तातला जंतू मारतात. प्रायमाक्विनच्या गोळ्या मुळी काढतात. त्या चौदा दिवस घ्याव्या लागतात.

दुसरा प्रकार फाल्सिपेरम. त्याची औषधे वेगळी. हा फार घातक. रोगी बरळू लागला, झटके आले, डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली, तर क्षणभरही थांबू नये. थेट दवाखाना गाठावा.

गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत. गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या लेकराला प्रायमाक्विन देत नाहीत. म्हणून दिवस गेले असतील तर लाजू नये, ताईंना सांगावे. गोळ्या घेताना लघवी काळपट झाली, तर गोळी थांबवून लगेच दवाखान्यात जावे.

देशानेही हा धडा घेतला

१९५३ पूर्वी भारतात दर वर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई. सुमारे आठ लाख दगावत. १९५३ साली सरकारने मोठी मोहीम काढली. घरोघर फवारणी झाली. १९६५ साली रोगी सुमारे एक लाखावर आले. लोकांना वाटले, रोग गेला. कामात ढिलाई आली. डासही औषधाला दाद देईनात. १९७६ साली रोगी पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. अर्धे काम सोडले की असे होते.

आपल्या हाती काय आहे?

आपला जिल्हा दुष्काळी. पाणी साठवावेच लागते. पण साठवलेले पाणी झाकावे. डासाच्या अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस रांजण, हौद रिकामे करून, घासून, कोरडे करावेत. जिथे पाणी उपसता येत नाही, तिथे गप्पी मासे सोडावेत. रात्री मच्छरदाणीत निजावे.

ताप आला की त्याच दिवशी रक्त द्यावे. हिवताप निघाला, तर शेवटची गोळी खाऊन मगच म्हणावे, आता हिवताप गेला.