खदिरसार आणि काष्ठकवक : द्रव्यपरीक्षणाची एक दुर्लक्षित बाजू

चरकसंहितेत कुष्ठघ्न द्रव्यांमध्ये खदिरास अग्रस्थान दिलेले आहे. औषधासाठी या वृक्षाचे सारकाष्ठ, म्हणजे खोडाच्या गाभ्यातील लाकूड, आयुर्वेदिक फार्माकोपियाने ग्राह्य मानले आहे. नेमका हाच भाग पोखरणाऱ्या कवकांची ओळख चिकित्सक व औषधी-विक्रेते या दोघांनाही असणे अगत्याचे आहे.

गॅनोडर्मा ल्यूसिडम या नावाने वर्णिलेले कवक खैराची मुळे कुजवते. जमिनीत राहिलेल्या जुन्या बुंध्यांत व मुळांत ते टिकून राहते. शेजारच्या निरोगी झाडाची मुळे तेथे टेकली की त्यांत शिरते आणि क्रमाने बुंध्याच्या तळाशी चढते. पाने पिवळी पडतात, शेंडा वाळू लागतो. बुंध्यापाशी लाखेचा लेप दिल्यासारखी तांबूस, चकचकीत छत्री दिसेपर्यंत आतील कूज पुष्कळ पुढे गेलेली असते. फेलिनस बेडियस हे दुसरे कवक उभ्या झाडाचा गाभाच कुजवते.

ही दोन्ही कवके ‘श्वेतकूज’ घडविणारी आहेत. लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निन ती विशिष्ट विकरांच्या साहाय्याने तोडतात. ही विकरे फिनॉल वर्गातील संयुगांवरही कार्य करतात, आणि खदिराचा कषाय रस ज्यांवर अवलंबून आहे ती कॅटेचिन व टॅनिन याच वर्गातील आहेत. म्हणून कुजलेले सारकाष्ठ नावाने खदिर असले तरी गुणाने तसे राहील, असे मानता येत नाही.

काल, आतप, अग्नी, जल, वायू व जंतू यांनी ज्याचे गंध-वर्ण-रसादी बिघडलेले नाहीत असेच द्रव्य घ्यावे, असा चरकाच्या कल्पस्थानाचा अभिप्राय आहे. त्यास अनुसरून पुढील दक्षता घ्यावी :

१. भरड किंवा चूर्णात कूज ओळखू येत नाही. म्हणून खरेदी तुकड्यांच्या स्वरूपात करावी.
२. उत्तम सारकाष्ठ जड, कठीण व तांबूस-तपकिरी असते. हलके, तंतुमय, नखाने दबणारे अथवा पांढुरके ठिपके असलेले तुकडे बाजूस काढावेत.
३. प्रत्येक खेपेचा काढा चाखून कषाय रस पाहावा. शंका आल्यास जलविद्राव्य अंशाची चाचणी प्रयोगशाळेतून करून घ्यावी.
४. साठा कोरड्या, हवेशीर जागी ठेवावा.

एका वृक्षाचा व्याधी हेच दुसरीकडे औषध ठरते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. फणसाच्या झाडावरील ‘फणसांबा’ हे फेलिनस वर्गातील कवकच असून मुखपाकावर ते पाण्यात उगाळून लावण्याची परंपरा आपल्याकडे आहे. त्याची पाठ निस्तेज व भेगाळलेली, तर आतील भाग गंजाच्या रंगाचा असतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने तो काळवंडतो. चकचकीत पाठीची गॅनोडर्माची छत्री फणसांबा म्हणून स्वीकारू नये. मात्र काळवंडण्याची खूण फेलिनसच्या अन्य जातींतही आढळते. म्हणून कवक कोणत्या झाडावरून काढले, याची विचारणा संग्राहकाकडे अवश्य करावी.