स्पूल सापडलं म्हणजे मैफल सापडली?

जुन्या मैफलीच्या टेपेवरून अल्बम निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं कौतुकाचं: ‘वा, जशीच्या तशी मैफल!’ संकलकाने मध्ये कुठे काही कापलं किंवा जोडलं असं कळलं की मग दुसरं येतं, रागाचं: ‘म्हणजे ही फसवणूकच की!’ वाक्यं उलटसुलट वाटतात, पण दोन्हींच्या तळाशी एकच गैरसमज आहे. त्या रात्री जे झालं ते सगळं टेपेत भरून ठेवलेलं आहे आणि आता बाटलीतलं तेल वाटीत ओतावं तसं ते सीडीवर किंवा मोबाइलवर ओतायचं, एवढंच काम उरलं आहे, असं लोक धरून चालतात. हे खरं नाही. टेप हा मैफलीचा पुरावा असतो, आणि पुरावा म्हटला की तो अपुरा, एका बाजूने पाहिलेला आणि वाचावा लागणारा असणारच. अल्बम म्हणजे कुणीतरी केलेलं त्या पुराव्याचं वाचन. ते प्रामाणिक आहे की नाही हे जरूर विचारावं. ते झालंच नाही असं मात्र मानू नये.

सुरुवात ध्वनिमुद्रणापासूनच करू. गिरगावातलं लक्ष्मीबाग असो, साहित्य संघ मंदिर असो, दादरचं शिवाजी मंदिर असो की परळचं दामोदर, त्या काळी हौशी रसिकाचा टेपरेकॉर्डर बहुधा एका मायक्रोफोनवर चाले. तो मायक्रोफोन गायकासमोर ठेवला तर तबला लांबचा वाटतो, तबल्याजवळ ठेवला तर तंबोरे नाहीसे होतात. ही पहिली निवड. ती मैफल सुरू होण्याआधीच झालेली असते. दुसरी निवड फितीच्या लांबीची. सात इंची स्पुलावर १,२०० फूट फीत मावते. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ती एका दिशेला ३२ मिनिटं पुरते. वेग निम्मा केला तर ६४ मिनिटं, पण मग वरच्या पट्टीतल्या आवाजांची धार बोथट होते. फीत महाग, म्हणून घरगुती मुद्रणं बहुतेकदा कमी वेगाची. विलंबित ख्याल रंगात आला असताना फीत संपली की स्पूल उलटवायचं किंवा बदलायचं, आणि तेवढ्या वेळातलं गाणं कायमचं गेलं. ते कुणी कापलेलं नसतं. ते टेपेत कधी उतरलंच नव्हतं. त्यापुढे जे माध्यम येई त्याचीही कात्री असे: एलपीची एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांची, नव्वद मिनिटांच्या कॅसेटची पंचेचाळीस. ‘जशीच्या तशी’ म्हणणाऱ्यांनी तास-सव्वा तासाचा राग एलपीच्या एका बाजूवर कसा बसला असेल, याचा हिशेब एकदा करून पाहावा.

‘ठीक आहे, पण टेपेत आहे तेवढं तरी जसंच्या तसं द्या,’ असा पुढचा आक्षेप येतो. ऐकायला वाजवी आहे. अडचण अशी की टेप कुठल्या वेगाने वाजवायची हे टेप सांगत नाही. दोन यंत्रांचे वेग तंतोतंत जुळतीलच असं नाही, आणि बॅटरीवरच्या रेकॉर्डरचे सेल उतरत गेले तर मुद्रण हळू होत जातं. तीच टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढत गेल्यासारखा वाटतो. एवढ्यावरून ‘बुवांचा सूर शेवटी वर सरकला’ असा निकाल देणारे असतात. हार्मोनियमही बुवांबरोबर वर सरकली, हे त्यांच्या लक्षात येत नाही. पांढरी एक आणि काळी एक यांच्यात सुमारे ६ टक्क्यांचं अंतर असतं, म्हणजे टेप ४ टक्के जोरात फिरली तरी गायक पाऊण पट्टीच्या आसपास वर जातो आणि आवाजाचा पोतच पालटतो. मग खरा वेग काढायचा कसा? एक धागा गमतीचा आहे. आपली वीज ५० हर्ट्‌झची, आणि तिचा बारीक गूंकार पुष्कळ टेपांत उतरलेला असतो. तो मोजल्यावर ५२ भरला तर टेप ४ टक्के वेगात आहे असा अंदाज बांधता येतो. यावरही हरकत घेता येईल: पूर्वी विजेची वारंवारता तरी कुठे स्थिर होती? हरकत रास्त आहे. म्हणूनच गूंकार, हार्मोनियमची पट्टी आणि त्या गायकाची इतर मुद्रणं असे तीन-चार पुरावे एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. हे सगळं झाल्यावर जो वेग ठरतो तो कुणीतरी विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. तो न घेता टेप लावून दिली तर निर्णय यंत्राने घेतला, एवढाच फरक.

आता जोडकामाकडे वळू, कारण खरा संताप त्यावरच असतो. रॉक संगीताच्या जगात हे उघड चालत आलं आहे. बीटल्सचा हॉलिवूड बोलचा अल्बम १९७७ साली निघाला, त्यात १९६४ आणि १९६५ अशा दोन वर्षांच्या कार्यक्रमांतली गाणी शेजारी शेजारी आहेत. फ्रँक झॅपाने १९८८ ते १९९२ या काळात आपल्या संग्रहातल्या टेपांवरून सहा खंडांची मालिका काढली. तीत काही ठिकाणी एकाच गाण्याचे वेगवेगळ्या वर्षांतले तुकडे सांधलेले आहेत. ‘द हू’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचं उदाहरण सर्वांत बोलकं. १४ फेब्रुवारी १९७० रोजी त्यांनी लीड्सला कार्यक्रम केला, दुसऱ्या दिवशी हल या शहरात. हलच्या टेपेत पहिल्या काही गाण्यांचा बेस गिटार मिळालाच नाही, म्हणून ते मुद्रण पडून राहिलं. चाळीस वर्षांनी ते निघालं तेव्हा तेवढ्या गाण्यांत आदल्या रात्रीचा, लीड्सचा बेस बसवला होता. ही फसवणूक आहे का? वादक तोच, गाणं तेच, आणि केलेलं काम लपवलेलं नाही. मी तरी याला फसवणूक म्हणणार नाही.

पण इथे ख्यालाचा रसिक हात वर करील आणि म्हणेल की रॉकचं गाणं आज-उद्या साधारण तेच असतं, बढतीचं काय? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. बढत हा एक युक्तिवाद असतो. आधीच्या आलापीतून पुढची जागा उमलते. रविवारच्या अस्थायीला बुधवारचा अंतरा जोडला तर दोन्ही खरे असूनही जे तयार होईल ते त्या गायकाने कधी मांडलेलं नसेल. म्हणून आपल्या मैफलींच्या बाबतीत मर्यादा अधिक कडक हवी. वेग दुरुस्त करणं, आवाजाची पातळी समान करणं, तबला जुळवताना गेलेली मिनिटं कमी करणं, ही डागडुजी. दोन रात्रींचा एक राग करणं ही नवी रचना. स्पूल बदलताना खड्डा पडला असेल तर आवाज हळूच विझवावा, पुन्हा उजळवावा आणि इथे गाणं तुटलं आहे असं छापून मोकळं व्हावं. खड्डा दिसण्यात कमीपणा नाही.

आवाज ‘स्वच्छ’ करण्याच्या हौसेबद्दलही बोललं पाहिजे, कारण तिथे जास्त नुकसान होतं. खरखर काढणाऱ्या संगणकप्रणाल्यांना सहसा गाणं नसलेला एक तुकडा ऐकवायचा असतो: हा कचरा, हा काढ. आपल्या मैफलीत असा तुकडा म्हणजे नुसते तंबोरे. सतत, एकसारखा, बारीक आवाज. यंत्राच्या लेखी कचऱ्याची व्याख्या हीच. परिणामी खरखरीबरोबर जवारी, म्हणजे तंबोऱ्यांचा झणत्कारही जातो आणि गायक कापसात गुंडाळल्यासारखा गाऊ लागतो. बाहेरचे आवाज पुसतानाही हात आवरावा. मुंबईतली ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. गिरगाव किंवा दादरच्या एखाद्या तारीख नसलेल्या टेपेत तिची घंटा ऐकू आली, तर ती मैफल त्याआधीची हे तिथल्या तिथे ठरतं. परळ-लालबागच्या टेपेत गिरणीचा भोंगा वाजला तर त्यालाही असंच मोल आहे. जानेवारी १९८२च्या गिरणी संपानंतर त्या भागातले भोंगे विरळ होत गेले. रसभंग होतो म्हणून घंटा पुसणारा संकलक त्या टेपेची जन्मपत्रिका फाडत असतो. ऐकण्याच्या प्रतीत ती मंद करा हवी तर, पण मूळ प्रतीत राहू द्या.

ही मूळ प्रत आणि ऐकण्याची प्रत यांची फारकत हाच सगळ्या वादावरचा उपाय आहे. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए हिचे नियम याबाबत स्पष्ट आहेत: जतनाची प्रत २४ बिट आणि किमान ४८, शक्यतो ९६ किलोहर्ट्‌झने घ्यावी आणि तिच्यावर कसलेही संस्कार करू नयेत. संस्कार करायचे ते तिच्या नकलेवर. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली ती याच शिस्तीने. शेकडो पोथ्या ताडून संपादकांनी एक पाठ निवडला, आणि जे निवडलं नाही ते तळटीपांत ठेवलं. त्यांनी व्यासांना फसवलं असं शहाणा माणूस म्हणत नाही. अल्बमच्या मलपृष्ठावर स्थळ, तारीख, टेप कुठल्या पिढीची (मूळ की नकलेची नक्कल), कुठे तुटली, काय काढलं, एवढ्या पाच ओळी छापल्या तर ‘अस्सल की बनावट’ हा वाद निम्म्याने संपेल. ‘द हू’च्या लीड्सच्या मूळ तबकडीच्या लेबलवर तर आवाजातली चरचर तशीच असू द्या, दुरुस्त करू नका, अशी हाताने लिहिलेली सूचनाच होती.

बाकीचे गैरसमज एकेका ओळीचे.

‘ध्वनिक्षेपकाच्या बोर्डावरून घेतलेलं मुद्रण सर्वांत शुद्ध.’ बोर्डावरचा समतोल त्या जागेसाठी असतो. धोबीतलावच्या रंगभवनात पूर्वी रॉकचे ड्रम मुळातच मोठ्याने वाजत असतील तर बोर्डावर ते कमीच उतरत.

‘एआय हरवलेला आवाज परत आणतो.’ मिसळलेले आवाज ते वेगळे करू शकतं. मुद्रितच न झालेला आवाज ते कल्पनेने भरतं.

‘टेप आमच्या घरची, म्हणजे हक्कही आमचा.’ फीत तुमची; गाणाऱ्याचा हक्क कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने आला आणि १९९९च्या दुरुस्तीने त्याची मुदत ५० वर्षं झाली.

‘चिकट झालेली टेप भाजली की बरी होते.’ सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही विशिष्ट फितींना सुमारे ५४ अंश सेल्सिअसची मंद ऊब तात्पुरती उपयोगी पडते. जुन्या ॲसिटेट फितींची त्याने वाट लागते.

‘डिजिटल केलं, आता स्पूल टाकून द्या.’ उद्या अधिक चांगल्या यंत्रावर तेच स्पूल आजच्यापेक्षा जास्त देऊ शकतं.

‘इतकी वर्षं टिकलं, आणखी टिकेल.’ मुंबईच्या चार पावसाळी महिन्यांत बुरशी थांबत नाही, आणि टेप शाबूत राहिली तरी ती वाजवणारी यंत्रं आणि ती दुरुस्त करणारे हात झपाट्याने कमी होत आहेत. तेव्हा माळ्यावरचं स्पूल खाली काढाच, पण लगेच यंत्रावर चढवू नका. आधी हुंगून पाहा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फीत ॲसिटेटची आहे आणि कुजू लागली आहे. ती इतर टेपांपासून वेगळी ठेवा आणि जाणकाराकडे न्या. आणि डब्यावर पेन्सिलीने काही खरडलेलं असेल तर ते पुसण्याआधी उतरवून घ्या. अल्बमच्या मलपृष्ठावरची पहिली ओळ बहुधा तिथेच सापडेल.