गोदाकाठचा सिंह : एका प्राकृत गाथेतील शब्दयोजना आणि सूचितार्थ

आनंदवर्धनाने नवव्या शतकात काश्मीरमध्ये ‘ध्वन्यालोक’ रचला. वाच्यार्थ विधिरूप असताना प्रतीयमान अर्थ निषेधरूप असू शकतो, हे दाखविण्यासाठी तेथे त्याने जे पहिले उदाहरण दिले ते संस्कृतातील नाही. ते महाराष्ट्री प्राकृतातील असून त्याची भूमी गोदावरीचा काठ ही आहे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’तील ही गाथा पुढे जवळजवळ हजार वर्षे अलंकारशास्त्राच्या वादांत वावरत राहिली. अर्थ शब्दांत असतो, वक्त्याच्या हेतूत असतो की वाचकाच्या तर्कात, या प्रश्नाची इतकी कसून तपासणी क्वचितच दुसऱ्या एखाद्या लहानशा रचनेच्या निमित्ताने झाली असेल.

गाथेत सांगितले आहे ते थोडकेच. एका धार्मिक माणसाला निर्धास्तपणे हिंडण्यास सांगितले जाते, कारण त्याला भिवविणारे कुत्रे आज मारले गेले आहे. मारणारा आहे गोदाकाठच्या जाळीत राहणारा माजलेला सिंह. बोलणारी स्त्री आहे, ती जाळी हे तिचे संकेतस्थळ आहे, हा माणूस फुले तोडायला तेथे येतो आणि तिच्या एकांतात व्यत्यय आणतो, यांपैकी एकही गोष्ट गाथेत नाही. तरीही जाणत्या वाचकाला ती सारी दिसते आणि ‘हिंड’ याचा अर्थ ‘फिरकू नकोस’ असा लागतो.

हे घडते कसे, याचा शब्दागणिक मागोवा दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास अभिनवगुप्ताने ‘लोचन’ टीकेत घेतला. क्रियापदाचा आज्ञार्थ येथे हुकमाचा नाही, मोकळीक देण्याचा आहे. ‘धम्मिअ’ हे संबोधन त्या माणसाच्या हिंडण्याला कारण पुरविते : पूजेसाठी फुले हवीत, तेव्हा त्याचे येणे रास्तच. म्हणजे टीकाकाराने फुले आणली ती या एका शब्दातून. ‘आज’ या शब्दात अभिनंदनाचा सूर आहे. सर्वांत सूक्ष्म विवेचन दोन सर्वनामांचे आहे. ‘ते’ कुत्रे म्हणजे ज्याने तुझा थरकाप उडविला ते. आणि ‘त्या’ सिंहाने म्हणजे ज्याच्याविषयी तूही कर्णोपकर्णी ऐकले आहेस त्याने. ही दर्शक सर्वनामे काढली, तर सिंहाची बातमी ऐनवेळी रचलेली वाटेल. ती असल्यामुळे अफवा आधीच पेरलेली होती, हे सूचित होते. अखेरीस ‘माजलेला’ हे विशेषण. सिंह नुसता जाळीत राहता, तर जाळी टाळून काठावर हिंडता आले असते. माजलेला सिंह जाळीबाहेर येतो. एका विशेषणाने धोक्याचे क्षेत्र वाढते आणि एकांताचेही.

या विवेचनाला अतितर्क म्हणणारे आजच निघाले आहेत असे नाही. महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेका’त ध्वनीची गरजच नाकारली. सिंह आहे, म्हणून भित्र्या माणसाने तेथे जाऊ नये, हे साधे अनुमान आहे. त्यासाठी व्यंजनेसारखी वेगळी शब्दशक्ती कल्पिण्याचे कारण नाही, असा त्याचा पक्ष. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या पाचव्या उल्लासात त्याला दिलेले उत्तर आजच्या अभ्यासकानेही मुळातून वाचावे असे आहे. भित्रा मनुष्यही गुरूच्या आज्ञेने किंवा प्रियेच्या ओढीने भयस्थानी जातो. तेव्हा हेतू अनैकांतिक. कुत्र्याला टाळणारा माणूस सिंहाला भिईलच असे नाही, कदाचित तो शूर असून केवळ स्पर्श टाळत असेल. तेव्हा हेतू विरुद्ध. आणि मुख्य म्हणजे तेथे सिंह आहे हे सिद्ध कोणी केले? ते प्रत्यक्षाने कळलेले नाही, अनुमानानेही नाही. केवळ एका वाक्यातून कळले आहे, आणि वाक्य खरेच असते असा नियम नाही.

हा तिसरा आक्षेप निर्णायक मानावा लागतो. सिंह बहुधा नाहीच, हे वाचकाला जाणवणे हाच या गाथेचा आस्वाद आहे. अनुमानाला खरा धूर लागतो. सूचनेला खोटा सिंहही पुरतो.

परंतु एक अडचण उरते. बोलणारी स्त्रीच आहे, हे कशावरून? वक्ता, श्रोता, प्रकरण, देश, काल यांच्या वैशिष्ट्यामुळे व्यंग्य अर्थ कळतो, असे मम्मट सांगतो. पण सुट्या गाथेत ही वैशिष्ट्ये लिहिलेली नसतात. टीकाकार अवतरणिका जोडून ती पुरवितात. तौलनिक अभ्यासाला येथे तमिळ अकम् काव्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. संघम संकलनांत कवितेखाली ‘सखीचे बोलणे’ अशा स्वरूपाची टीप असते. ए. के. रामानुजन यांनी 1967 च्या आपल्या इंग्रजी अनुवादात अशा टिपांनाच शीर्षकाचे स्थान दिले. दोन्ही परंपरांना दख्खनचा समान लोकस्रोत असावा, ही जॉर्ज हार्ट यांनी 1975 मध्ये मांडलेली उपपत्ती सर्वमान्य नसली, तरी वक्ता कोण हे कवितेबाहेरून ठरविण्याची रीत दोहोंकडे आहे. फरकही तितकाच बोलका आहे. कुरिंजी कवितांत सखी नायकाला रात्रीच्या डोंगरवाटेवरील हत्ती आणि वाघ यांचे भय सांगते, तेव्हा ‘आता विवाह कर’ असे सूचित होते. मात्र तेथील वाघ खराच असतो.

अनुवादकाची कसोटी अशाच बारीक जागी लागते. ‘धम्मिअ’साठी मराठीत ‘भटजीबुवा’ म्हटले की जात आणि थट्टा दोन्ही उघड होतात. ‘महाराज’ म्हटले की आदर वाढून उपरोध आपोआप येतो. ‘धार्मिका’ हे बरोबर, पण बोलण्यातले नव्हे. ‘सुणअ’ हा शब्द मात्र कोकणीतील ‘सुणें’मुळे आजही कानाला परका वाटत नाही.

आनंदवर्धनाचे याच ठिकाणचे दुसरे उदाहरण याहून नाजूक आहे. सासू कोठे झोपते आणि आपण कोठे, हे सून पांथस्थाला दिवसाउजेडीच दाखविते आणि रातांधळ्याने अंथरुणावर येऊन पडू नये असे बजावते. येथे निषेधातून आमंत्रण ध्वनित होते. अंथरूण कोणाचे, हे सांगणारा ‘मह’ हा शब्द ‘माझ्या’ असा न घेता ‘आम्हां दोघींच्या’ असा घ्यावा, असे अभिनवगुप्त म्हणतो. नुसते ‘माझ्या’ म्हटले, तर जवळ असलेल्यांना संशय येईल. अनुवादात येथे ‘माझ्या’ आले, तर आमंत्रण उघडे पडते आणि सासूही जागी होते. मराठीतील ‘आमच्या’ हे काम सहज करते : घरातली सून घराच्या वतीने बोलताना ‘आमच्या’च म्हणते, आणि त्यात ती स्वतः कोठे आहे हे ज्याला कळायचे त्यालाच कळते.